कोल्हापूर किती लांब

घरातलं कुणी कोल्हापूरला निघालं, की ते पोचेपर्यंत सासूबाई केर काढू देत नसत. स्वतः मात्र घाटात गाडी लागते म्हणून गोदावन्संच्या सासरी कधी गेल्याच नाहीत. पंच्याऐंशी साली वन्संना मुलगी झाली. तिला बघायला हे रत्नागिरीहून छोट्या विमानाने निघाले. मी केरसुणी घेतली, तर सासूबाई म्हणाल्या, "ठेव ती. संध्याकाळी काढ."

थोड्याच वेळात शेजारच्या दामल्यांनी हाक मारली, "काकू, फोन आलाय! पोचला कोल्हापूरला!"

"विमानाचा आवाज अजून कानात आहे गो माझ्या," सासूबाई म्हणाल्या. "एवढ्यात भातसुद्धा शिजत नाही. आणि मी, लेक लांब घाटावर दिली म्हणून, इतकी वर्षं रडत्ये!"