नीरजाबाईंचे बहात्तर मार्क

इंग्रजी साहित्यात नीरजाबाई पटवर्धनांचा हात धरणारं कॅनडातल्या अख्ख्या ओंटारिओत कुणी नव्हतं. ओंटारिओला हे अजून कळायचं होतं, आणि मिल्टन गावच्या शाळेतल्या डॉसन सरांनी तर त्यांच्या ताज्या निबंधाला बहात्तर मार्क दिले होते.

निबंधावर नाव ईशिताचं, म्हणजे त्यांच्या दहावीतल्या लेकीचं होतं. पण अख्खा रविवार बेसमेंटमध्ये बसून तो लिहिला होता नीरजाबाईंनी. नागपूरची इंग्रजीतली एम.ए. वाया जाऊ नये, एवढाच हेतू. याला त्या मार्गदर्शन म्हणत.

बहात्तरही त्यांनी गिळले असते. पण वर्गातल्या श्रेयसला एक्क्याण्णव पडले.

"अगं, खोलीचं दार लावून एकटाच लिहितो," श्रेयसची आई छाया मराठी मंडळाच्या संक्रांतीत तिळगूळ देताना म्हणाली. "सर म्हणाले, सिम्बॉलिझम काय, व्होकॅब्युलरी काय, पन्नाशीच्या माणसाची समज आहे पोराला. तुझ्या ईशिताचं कसं चाललंय?"

"ती मार्कांच्या मागे नसते," नीरजाबाई म्हणाल्या आणि तिळगूळ न खाता पर्समध्ये टाकला.

परतताना गाडीत त्यांचा नवरा हेमचंद्र म्हणाला, "बहात्तर काही वाईट नाहीत."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं? फोरशॅडोइंगवर मी पूर्ण पान लिहिलं होतं."

"मग एकदा ईशितालाच लिहू दे की."

"म्हणजे साठावर येईल."

पुढच्या निबंधात नीरजाबाईंनी हात आखडला नाही. रूपकं घातली, उपरोध घातला, शेवटी एक शब्द तर असा घातला की त्यांनाही डिक्शनरी उघडावी लागली. ईशिताने ते सुवाच्य अक्षरातले कागद बॅकपॅकमध्ये सरकवले. "थँक्स, मॉम. टाइप मी करते."

निकाल लागला. ईशिताला चौऱ्याहत्तर. श्रेयसला शहाण्णव, शिवाय त्याचा निबंध स्पर्धेला जाणार.

शनिवारी सकाळी नीरजाबाईंनी लॅपटॉप उघडला आणि डॉसन सरांना ईमेल लिहायला घेतली.

"एवढ्याशा पोराला ही भाषा येणं शक्यच नाही," त्या म्हणाल्या. "घरातलं कुणीतरी मोठं माणूस लिहून देतंय. लाज कशी वाटत नाही लोकांना?"

हेमचंद्रने बायकोकडे पाहिलं, फावडं उचललं आणि तो ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला निघून गेला.

ईशिता कॉर्नफ्लेक्सचा बाऊल घेऊन मागे येऊन उभी राहिली. तिने स्क्रीन वाचली.

"मॉम, नको पाठवू."

"का? त्याची बाजू घेतेस?"

"तुझे एसेज मी कधी दिलेच नाहीत. दॅट्स चीटिंग. चौऱ्याहत्तर माझे आहेत." ती चमच्याने ढवळत राहिली. "पण तू इतकं मन लावून लिहितेस, फेकवत नाही गं. मग श्रेयस घेतो."

नीरजाबाईंनी लॅपटॉप अर्धवट मिटला.

"म्हणजे ते शहाण्णव..."

"तुझे. आणि मॉम, पुढच्या वेळी शब्द जरा सोपे घाल ना. सर मोठ्याने वाचायला लावतात, तो अडकतो."