सव्वा मूठ

मूठ परातीत पडली, आणि मग इंदिराबाईंच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो ते.

गहू मिसळले होते. धरणगावच्या त्या ओसरीवर सगळी भावकी जमलेली. उद्या कानबाई देवी बसायची, म्हणून तिच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू मोजणं चाललेलं. रीत साधी. घरात जितके पुरुष, तितक्या सव्वा-सव्वा मुठी. घरच्या कर्त्या कौतिकनानांनी घर पुकारायचं, त्या घरच्या बाईनं उठून मुठी टाकायच्या. बाईच्या स्वतःच्या नावाची मूठ नसते. का नसते, हे विचारायचं कुणाला कधी सुचलंच नव्हतं.

इंदिराबाईंनी चाळीस वर्षं मुठी टाकल्या. आधी नवऱ्याची आणि मुलाची, नवीनची, मग नवरा गेल्यावर एकट्या नवीनची. मागच्या माघात पाचोऱ्याच्या रस्त्यावर नवीनच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. तेव्हापासून बाई जळगावच्या दोन खोल्यांत एकट्या. घरात माणसाचा आवाज असावा म्हणून दिवसभर टीव्ही लावायच्या, बघायच्या मात्र नाहीत. आज त्यांना यायचंच नव्हतं. ज्या घराला मूठच उरली नाही, त्याचं रोटात काय काम? पण पुतणसून डिंपलनं तीनदा फोन केला, म्हणून आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या.

नानांनी सवयीनं पुकारलं, "धाकलं घर!" आणि बाई सवयीनं उठल्या, पोत्यातली मूठ परातीत टाकून मोकळ्या झाल्या.

मेलेल्या माणसाची मूठ, आणि देवीच्या रोटात! एका सुनेनं तर लेकराला पदराखाली ओढलं. नानांनी कपाळाला हात लावला. पुकारलं तर त्यांनीच होतं.

"गहू बदला," कुणीतरी कुजबुजलं.

इंदिराबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पिशवी उचलली. परत या ओसरीची पायरी चढायची नाही, हे ठरवूनच टाकलं.

"बस खाले," सुंदरअक्का म्हणाल्या. नानांच्या आई, ऐंशीच्या पुढच्या. त्या बोलायला लागल्या की नानासुद्धा लहान व्हायचे. "कोना नावनी मूठ टाकी तू?"

नवीनचं नाव घेतलं असतं तर इंदिराबाईंना रडूच कोसळलं असतं.

"मी सांगस. ती मूठ तिनी सोतानी शे. चाळीस वरीस दुसरास्नी टाकी, आज सोतानी टाकी. काय बिघडनं?"

"पण माय, बायास्नी मूठ..." नाना चाचरले.

"कानबाई कोन शे रे? बाप्या शे का?"

कुणीतरी पदरात तोंड लपवून फिसकन हसलं. अक्का गुडघ्यावर हात देत उठल्या आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःची सव्वा मूठ परातीत टाकली. मग डिंपल उठली. मग दुसरी सून दीपमाला. मग काय विचारता, बायांची ही झुंबड! परात भरली, दुसरी आणावी लागली. हसण्याखिदळण्यानं ओसरी दणाणून गेली. इंदिराबाई रडत होत्या आणि हसतही होत्या.

"आसं नही," अक्कांनी नानांना दटावलं. "एकेकीनं नाव पुकार."

नानांनी घसा खाकरला. घराचं नाही, बाईचं नाव त्या ओसरीवर पहिल्यांदाच पुकारलं गेलं.

"इंदिराबाई!"

त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"मी शे," त्या म्हणाल्या.