जेवणाची घंटा

बेटावरच्या छावणीतला आचारी घंटा बडवून जेवायला बोलवायचा आणि मासळीची डोकी मागच्या दारातून फेकायचा. त्यामुळे घंटेचा अर्थ माणसांइतकाच माणसाएवढ्या घोरपडींनाही कळायचा. काल त्यांनी पहारेकऱ्याला खाल्लं. आज त्या होडीच्या वाटेतच पसरल्या होत्या. "जावईबापू, मी मागे घंटा वाजवतो. त्या वळल्या की पोरीला घेऊन होडी गाठा. मासळी फेकून आलोच," आचारी म्हणाला. चमचा हरवला तर सगळ्यांचं जेवण अडवणारा माणूस आज अख्खी मासळी उधळायला निघाला. घंटा वाजली. घोरपडी धावल्या. नवराबायको होडीत पोचली. घंटा थांबली. "सोड दोर," नवरा म्हणाला. तिने घट्ट धरला. मग घंटा पुन्हा ऐकू आली, जवळ, आणखी जवळ. आचारी घंटा काखोटीला मारून धावत येत होता, मागे सगळी पंगत. "बाबा, फेका ती घंटा!" "अगं, पितळेची आहे!"