दोन नळ्या, दोन फुगे

“माय, या नळ्या रेतीत कोणी पुरल्या?”

“मीनं. दुसरं कोण पुरंन?” केसरबाई चुलीपुढून उठल्यासुद्धा नाहीत. “तुह्या थर्मासातला बर्फ रातीच गेला. सकाळी हात घातला तं आंघोळीचं पाणी. म्हणून माठाखालच्या ओल्या रेतीत खोचल्या. मे महिना हाय बाई. माणसं मरून राह्यली, तुह्ये किडे वाचतीन का?”

सत्यशीलेनं नळ्या उपसून काढल्या. कापसाची बुचं शाबूत होती. आतली पांढरी साय तशीच होती. पण वरच्या चिठ्ठ्या गळून पडल्या होत्या आणि त्यांची शाई रेतीनं पिऊन टाकली होती. दोन्ही नळ्या जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या.

किडे नव्हते ते. यीस्ट होतं, पावाचं खमीर. जीव एवढासा, पण खाण्याचे चोचले राजाचे. आधी ग्लुकोज, ते आयतं गिळायचं. ते संपलं तरच साखरेला तोंड लावायचं, आणि साखर फोडायला आत नवं अवजार घडवायचं. ‘आता घडव’ असा हुकूम सोडतं ते किनेज नावाचं प्रथिन. हे किनेज ज्या जनुकातून बनतं, तेच सत्यशीलेनं एका नळीतल्या यीस्टमधून काढून टाकलं होतं. हुकूम नाही तर अवजार नाही. साखरेच्या पोत्यात लोळलं तरी ते यीस्ट उपाशी. दुसऱ्या नळीतलं धडधाकट. या दोघांतला फरक म्हणजे तिची नागपुरातली सगळी वर्षं.

मागं तिथं दुसरी जोडी उरली नव्हती. फ्रीज बंद पडून सगळं नासलं होतं. आज संध्याकाळी बल्लारशाहून हैदराबादची गाडी. उद्या तिथल्या सरांपुढं नळ्या ठेवून सांगायचं होतं, ही जनुकाची, ही बिनजनुकाची. जी पोरगी स्वतःची नळी ओळखत नाही, तिला पुढच्या कामाला कोण ठेवून घेतं?

ती उठली. खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या उकळल्या. साखरपाणी उकळून गार केलं. तार चुलीत लाल केली, निवू दिली आणि एकेका नळीतली थोडी साय एकेका बाटलीत खरवडून घातली. बाटल्यांच्या तोंडाला फुगे बांधले. एक लाल, एक हिरवा. नळ्यांनाही त्याच रंगांचे दोरे बांधले. जी बाटली साखर खाईल, तिचा वायू फुगा उचलेल. जिचा फुगा पडून राहील, ती बिनजनुकाची.

“बाळंतिणीसाठीबी कोणी इतकं उकळत नाई,” केसरबाई म्हणाल्या.

“मी भद्रावतीले बर्फ आणाले चालली. बाटल्यांले हात नोको लावू, माय.”

“मी काऊन लावू? मले का कामं नाईत?”

भद्रावतीत लाइट गेलेली. बर्फवाला हात हलवत बसला होता. दुपार चढली, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटू लागलं. सत्यशीला सावलीत उभी राहून मनाशी एकच घोकत होती. एक फुगावा, एक पडावा. पण पडलेली उन्हानं मेलेली निघाली तर? ते तपासायला वेळ तरी कुठं होता? शेवटी भुशात गुंडाळलेला बर्फाचा तुकडा मिळाला आणि तो छातीशी धरून तिनं एसटी गाठली.

दार ढकललं. लाल फुगा ताठ उभा होता.

हिरवाही ताठ उभा होता.

ती उंबऱ्यावरच बसली. बर्फाचं पाणी साडीवर ठिबकत राहिलं. दोन्ही साखर खातात. म्हणजे जनुक निघालंच नव्हतं. उगाच गावभर, नागपूरभर मिरवलं. आता सर नुसते चष्मा पुसतील. मागं बसलेली मुलं मात्र हसतील. म्हणतील, बाईनं जनुक उडवलं की नुसताच बार?

“आता काऊन तोंड पाडून बसली?” केसरबाई तांदूळ पाखडत होत्या. “फुगले नाईत का दोन्ही?”

“एक फुगाले नोको होता, माय.”

सूप थांबलं. केसरबाईंनी भिंतीकडं पाहिलं, मग आढ्याकडं. लेकीकडं काही पाहिलं नाही.

“तू हात लावला?”

“लावला! काय करशील?” सूप दाणकन खाली आलं. “तुह्या लालवाल्यानं खाऊन खाऊन गाल फुगवले, अन् हिरवा बिचारा तसाच पडून. एकानं जेवाचं अन् दुसऱ्यानं टुकूटुकू पाहाचं, असं या घरात मी कधी चालू देलं नाई. साखर तं त्याले पचतच नव्हती. मंग ऊन लागलेल्या पोराले देतो तसं चमचाभर ग्लुकोज टाकलं, तवा कुठी तो उठून बसला!”