घट्ट मोजे
थोरला न्हावी जन्मभर उभ्याने दाढ्या करत आला, त्यामुळे पायांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या. डॉक्टरांनी घट्ट मोजे दिले. "शिरा जाणार नाहीत, पण सूज आणि ठणका कमी होईल." कमरेत वाकून ते चढवणं जमेना, मोजे दुकानातल्या खणातच राहिले. शेजारच्या खुर्चीवर काम करणारा धाकटा भाऊ वाटणीच्या भांडणापासून त्याच्याशी अबोला धरून होता. आज थोरल्याचा पाय लटपटला आणि वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्याशी थरथरला. धाकट्याने वस्तरा काढून घेतला. भावाला बाकावर निजवून पाय उंच ठेवले, सूज उतरल्यावर पकडीसाठी कलपाचे रबरी हातमोजे घातले आणि खणातले मोजे त्याच्या गुडघ्यापर्यंत ओढले. "जीव घेशील माझा!" थोरला कळवळला. "दादा, हे सकाळी उठायच्या आधीच चढवायचे असतात. उद्या घरी येतो." थोरल्याने पाय खाली टेकवले. "ये," तो म्हणाला. "वहिनीला सांगतो, चहा जास्त टाक."