अकरा दिवसांचं मशीन

निवृत्तीला अकरा दिवस उरले असताना काकांच्या टेबलावर नवं कॉम्प्युटर वर्कस्टेशन आलं आणि ऑफिसभर खसखस पिकली. वरातीमागून घोडं, दुसरं काय!

काकांनी जन्मभर पूल डिझाइन केले. जुनं मशीन एका पुलाचं गणित सोडवायला अख्खा दिवस घ्यायचं आणि त्याचा पंखा असा घोंगावायचा की शेजाऱ्याशी बोलायची सोय नव्हती. नव्याचा आवाजच येईना. बंद असेल म्हणून काकांनी बटण पुन्हा दाबलं आणि चालू मशीन खरंच बंद पाडलं. असं तीनदा.

"काका, हात मागे! चालूच आहे ते," शेजारची इंजिनिअर ओरडली.

मग काकांनी पुलाचं गणित लावलं आणि सवयीने चहाला गेले. परतले तेव्हा पडदा स्थिर होता.

"अडकलं बघ तुझं मशीन."

"अडकलं नाही, संपलं. चार मिनिटांत."

काका खुर्ची ओढून बसले. मग खालच्या खणातून त्यांनी एक जाडजूड वही काढली. दिवसाला एकच प्रयत्न व्हायचा, म्हणून तीस वर्षांत करून बघायचे राहिलेले सगळे पूल तिच्यात होते.

पेन्सिलीला टोक काढत त्यांनी विचारलं, "अकरा दिवसांत चार-चार मिनिटं किती बसतात गं?"