चवळीवरचा मावा

शिमगा तोंडावर आला आणि ठकूबाईच्या परसातल्या चवळीवर काळा मावा पडला. रोज उजाडताच ती दवाने भिजलेल्या वेलावर चुलीतली राख भुरभुरायची. पण एकट्या बाईची चूल, तिची राख ती कितीशी पुरणार? शेवटी टोपली घेऊन ती शेजारच्या साळूबाईकडे राख मागायला गेली.

साळूबाईने आतून पावडरीची पुडी आणून तिच्यापुढे धरली. "काकी, राखेनं काय व्हतंय? यांनी कालच महाडातनं आणलीय. एकदा मार, मावा साफ!"

ठकूबाईने हात मागे घेतला. "विषच की गो ते. माझा नातू वेलावरची शेंग तोडून तशीच तोंडात घालतो. धुवायचाही धीर नाय त्याला."

"अगो काकी, एवढासा व्हता तो मुंबईला गेला तवा. त्यानंतर कधी फिरकला तरी काय? आता मिसरूड फुटलं असंल. शेंगा कसल्या खातोय, बिडी ओढीत असंल!"

"असंल," ठकूबाई हसून म्हणाली आणि तिने टोपली पुढे सरकवली. "पन तू राखच दे. इतके शिमगे नाय आला, आनि नेमका पावडर मारल्या दिवशी आला म्हंजे?"